तक्रार एसीची, कारण कोटाचं

तक्रारवहीत एकाच मजल्याच्या एकाच दिवसाच्या अकरा नोंदी होत्या. सहा जणांना गारठा सहन होत नव्हता, पाच जण उकाड्याने हैराण होते. कार्यालयांच्या वातानुकूलनाची देखभाल हे माझं काम, त्यामुळे पहिला संशय यंत्रावरच गेला.

बसून काम करणाऱ्यांसाठी तापमान तीन उंचींवर मोजतात: घोट्याशी म्हणजे जमिनीपासून १० सेंमी, कमरेशी ६० सेंमी आणि डोक्याशी ११० सेंमी. घोटा आणि डोकं यांत तीन अंशांहून जास्त फरक निघाला, तर हवा नीट मिसळत नाही असं समजायचं. इथे थर्मोस्टॅट साडेएकवीसवर होता आणि आकडे आले २०.९, २१.६ आणि २२.३. बहुतेक टेबलांपाशी हवेचा वेग सेकंदाला ०.१२ मीटर होता, आर्द्रता ४८ टक्के. फिल्टर स्वच्छ होते, सेन्सरही खरं सांगत होता.

दोन गोष्टी मात्र सापडल्या. गार हवा सोडणाऱ्या एका जाळीवर, म्हणजे डिफ्यूझरवर, कुणीतरी पुठ्ठा चिकटवला होता, त्यामुळे तिथली हवा शेजारच्या डिफ्यूझरमधून जोराने येत होती. दुसरी गोष्ट जास्त घातक होती. एका टेबलाखाली छोटा हीटर होता आणि भिंतीवरचा थर्मोस्टॅट त्याच्यापासून हातभर अंतरावर. हीटरची ऊब थर्मोस्टॅटला लागते, खोली तापली असं त्याला वाटतं आणि तो आणखी गार हवा मागवतो. म्हणजे हीटर लावणाऱ्या व्यक्तीमुळे बाकीचे सगळे काकडतात, आणि मग दुसरा हीटर येतो. पुठ्ठा आणि हीटर दोन्ही काढले. पण तेवढ्याने अकरा नोंदींचा उलगडा होत नव्हता, कारण गार वाटणारा आणि उकडणारा असे दोघे शेजारी-शेजारी बसलेले होते.

मग मजल्याच्या नकाशावर प्रत्येक तक्रारदाराच्या नावापुढे त्याच्या अंगावरचे कपडे लिहिले. पाच मिनिटांत चित्र स्पष्ट झालं.

कपड्यांची ऊब मोजायला ‘क्लो’ नावाचं एकक आहे. ते १९४१ साली मांडलं गेलं आणि एक क्लो म्हणजे साधारण पुरुषाच्या पूर्ण सूटाची ऊब. पॅंट आणि लांब बाह्यांचा शर्ट यांचे ०.६१ होतात. त्यावर सूटाचा कोट चढवला की ०.९६. गुडघ्यापर्यंतचा स्कर्ट, आखूड बाह्यांचा ब्लाउज आणि उघडी पादत्राणं यांचे मिळून ०.५४. खुर्चीची गादी वर साधारण ०.१ घालते, ते बहुतेक लोक विसरतात. बसून टंकलेखन करणाऱ्याच्या कपड्यांत ०.१ क्लोची भर पडली, की त्याला बरं वाटणारं तापमान अर्ध्या अंशाहून थोडं जास्त खाली सरकतं.

या मजल्यावर ग्राहकांशी बोलणाऱ्या विभागाला औपचारिक पोशाख सक्तीचा होता: पुरुषांना कोट आणि टाय दिवसभर, स्त्रियांना वर लिहिला तसा स्कर्ट-ब्लाउजचा गणवेश. दोन्ही पोशाख नियमात चोख, पण त्यांच्यात ०.४२ क्लोचं अंतर. हिशेब केला तर कोटवाल्यांना बाविसाच्या आसपास बरं वाटणार आणि गणवेशातल्या स्त्रियांना साडेचोवीसच्या आसपास. एकाच खोलीत, एकाच नियमाने बांधलेल्या माणसांसाठी अडीच अंशांची दरी! थर्मोस्टॅट कितीही अंशांवर ठेवला तरी अर्धे लोक नाराजच राहणार.

‘बायकांना थंडी जास्तच वाजते’ हे वाक्य मला त्या दिवशीही ऐकवलं गेलं. चयापचयाचा फरक असतो आणि माणसागणिकही फरक असतो, पण आधी कपडे बघावेत असं माझं ठाम मत आहे. ज्यांच्या सूत्रांवर आजही कार्यालयांचं तापमान ठरतं, त्या डेन्मार्कच्या पोव्हल ओले फँगर यांनी प्रयोगांत सगळ्यांना एकसारखे कपडे दिले होते, आणि स्त्री-पुरुषांच्या पसंतीत फारसा फरक निघाला नव्हता.

मजल्याच्या दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअरचे लोक टी-शर्ट आणि जीन्समध्ये होते. तीच हवा, तेच साडेएकवीस, पण तक्रार फक्त एक. जवळपास प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर हुडी टांगलेली होती. जाड स्वेटर ०.३६ क्लोचा असतो, सूटाचा पातळ कोटही ०.३६ चाच. ऊब तेवढीच, पण हुडी घालणं-काढणं ज्याच्या त्याच्या हातात होतं.

टायबद्दलही लिहायला हवं, कारण तिचं काम आकड्यात दिसत नाही. तिची स्वतःची ऊब नगण्य असते. पण अंगाशी तापलेली हवा शर्टाच्या आतून वर चढते आणि गळ्यातून बाहेर पडते. टाय ती वाटच बंद करते, म्हणून हिशेबाने बावीस अंश बरे वाटायला हवेत तरी कोटवाल्यांना साडेएकवीसलाही उकडत होतं. गळ्याचं बटण उघडलं तर कोट अंगात असूनही सुटका होते. जपानने २००५ च्या उन्हाळ्यात ‘कूल बिझ’ मोहिमेत कार्यालयांना २८ अंश ठेवायला सांगितलं, तेव्हा कोट आणि टाय उतरवण्याची मुभा त्याच मोहिमेचा भाग होती. अर्थात २८ अंशांना नुसता शर्ट पुरत नाही, पंख्याचा वाराही लागतो.

संध्याकाळी व्यवस्थापनाला जे लिहून दिलं त्यात यंत्राचं काम फार थोडं होतं. कोट फक्त ग्राहकासमोर घालावा, एरवी टेबलामागे अडकवावा, म्हणजे कोटवाले ०.६१ वर येतील. नवे कोट शिवताना पूर्ण अस्तर टाळावं. पाठीला अस्तर नसलेला कोट समोरून तितकाच रुबाबदार दिसतो. स्त्रियांच्या गणवेशात पॅंटचा पर्याय आणि त्याच रंगाचा पातळ कार्डिगन असावा. त्याने जवळपास पाव क्लो वाढतो. पायमोज्यांशिवाय बूट घालायची टूम असेल, तर घोट्याशी गार लागल्याची तक्रार एसीवर टाकू नये, कारण गार हवा जमिनीलगतच साचते.

सेटपॉइंट, म्हणजे थर्मोस्टॅटवर ठरवलेलं तापमान, दर तीन दिवसांनी अर्धा अंश चढवायचा ठरलं. एकदम अडीच अंश चढवले, की यंत्र कमी वेळ चालतं, हवेतला दमटपणा नीट निघत नाही आणि २४ अंशांनाही चिकचिक होते. म्हणून प्रत्येक टप्प्याला आर्द्रता तपासली आणि ती साठ टक्क्यांच्या आत ठेवली.

दोन आठवड्यांनी थर्मोस्टॅट २४ वर होता आणि वहीत त्या आठवड्याच्या दोनच नोंदी होत्या. दोन्ही पश्चिमेच्या काचेजवळच्या टेबलांच्या, दुपारी तीननंतरच्या. तिथे हवा २४ अंश होती, पण आसपासच्या तापलेल्या वस्तूंची धगही टिपणारा काळ्या गोळ्याचा थर्मामीटर २७ दाखवत होता. ते उन्हाने तापलेल्या काचेचं काम होतं. कोट काढून ते भागणार नव्हतं, तिथे पडदे बसवायला सांगितले.