परवडते का, असं तुम्ही विचारलंत म्हणून

प्रश्न एकच असतो, विचारणारे बदलतात. पेट्रोल पंपावरचा मुलगा "ॲव्हरेज किती देते?" म्हणतो, सोसायटीतले काका "मेंटेनन्स भारी पडत असेल, नाही?" म्हणतात आणि नणंद नुसतं "अजून आहे का ती?" असं विचारते. सगळ्यांना जाणून घ्यायचं असतं ते हे, की भोसरीत छोटं वर्कशॉप चालवणाऱ्या बाईला टप उघडणारी मर्सिडीज परवडते कशी, आणि परवडत नसेल तर ती विकून मोकळी का होत नाही. आजवर हसून वेळ मारून नेली. आता एकदाच लिहून ठेवते.

आधी पैशांचं. गाडी एसएलके २०० कॉम्प्रेसर, २००९ची. मी घेतली तेव्हा आठ वर्षांची होती. तिला जे मोजले तेवढ्यात नवी क्रेटा आली असती, वरचं मॉडेल. हे वाक्य मी हल्ली स्वतःच आधी बोलून टाकते, समोरच्याचे कष्ट वाचतात. ही गाडी आपल्याकडे कधी बनली नाही. ब्रेमेनच्या कारखान्यातून पूर्ण तयार होऊन यायची, त्यामुळे नवी घेणाऱ्याच्या माथी आयात शुल्काचा घसघशीत आकडा बसायचा. तो पहिल्या मालकाने भरला, मी नाही. जुनी भारी गाडी स्वस्त दिसते ती यामुळे. आणि ती स्वस्त का नसते, तर गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही.

"चाकणला मर्सिडीजचा कारखाना आहे की, तिथूनच आण पार्ट." हे मला चांगल्या शिकलेल्या माणसांनी सुचवलं आहे. चाकणला दुसऱ्या मॉडेलांची जोडणी होते. माझ्या गाडीचा एक स्क्रूसुद्धा तिथे सापडायचा नाही. पार्ट येतो जर्मनीहून विमानाने, नाहीतर शारजाच्या भंगारातून, नाहीतर नशिबात असेल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळतो.

बाकीचं पटकन सांगते. टायर पुढे २२५ मिलिमीटर रुंदीचे, मागे २४५चे, त्यामुळे पुढचे मागे करून आयुष्य वाढवायची सोय नाही. स्टेपनी नाही, पंक्चर बुजवायचा डबा आहे. पुण्यातला प्रत्येक स्पीडब्रेकर तिरका घ्यावा लागतो आणि मागचा हॉर्न सहन करावा लागतो. इंजिनाची टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ जुळवणारी साखळी, वयानुसार ताणते. सकाळी गार इंजिन सुरू करताना पहिले दोन-चार क्षण खडखड ऐकू आली की थांबायचं नसतं. चेनने दात सोडला तर व्हॉल्व्ह जाऊन पिस्टनवर आपटतात. मी ऐकली, त्याच आठवड्यात चेन आणि कॅमशाफ्टचे ॲडजस्टर बदलून घेतले. बिल कुणाला दाखवलं नाही. विम्यात झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई, कधीच बंद झालं. ॲव्हरेज शहरात आठ, माझा मूड चांगला असेल तर सात. आणि आई म्हणते, "बसायला येतं गं, पण उठायला दोन माणसं लागतात."

आता छत. तुम्हाला खरं म्हणजे तेच ऐकायचं असतं.

माझे दातांचे डॉक्टर तोंडात आरसा घालून हाच प्रश्न विचारतात, म्हणजे मला उत्तर देता येत नाही. त्यांना मी नंतर ऐकवलं, की ही सगळी उपद्व्यापी कल्पना तुमच्याच धंदाबंधूची. जॉर्ज पोलँ हा फ्रेंच माणूस पेशाने दंतवैद्य. पत्र्याचं अख्खं छत डिकीत गडप होईल अशी रचना त्याने काढली आणि १९३४ साली प्यूजोने ती ४०१ एक्लिप्स गाडीत विकली. पुढे तो नाझींविरुद्धच्या लढ्यात उतरला आणि १९४२ साली त्याला गोळ्या घातल्या. डॉक्टर बराच वेळ गप्प झाले. मग म्हणाले, "पण तुम्ही परवडवता कसं?"

माझ्या गाडीत हे काम २२ सेकंदांत होतं, तेही गाडी उभी असतानाच. काचा खाली येतात, डिकीचं झाकण उलटं, म्हणजे मागच्या बाजूला उघडतं, छताचे दोन तुकडे एकावर एक दुमडून आत जातात आणि झाकण बंद होतं. ३०० लिटरची डिकी २०८ लिटरची उरते. डिकीतला पडदा ओढलेला नसेल तर यंत्रणा हलतच नाही. हे सगळं करतो एक विजेवरचा पंप, त्यातलं तेल आणि बारीक बारीक हायड्रॉलिक सिलिंडर. हायड्रॉलिक मला कळतं. आमच्या मशिनांचे चक, म्हणजे जॉब धरणारे जबडे, त्यावरच पकडतात. म्हणून गाडी घेताना सगळ्यांना ठणकावून सांगितलं होतं, "मशीनच आहे शेवटी. बिघडलं तर खोलू."

तर मे महिन्यातली संध्याकाळ. वर्कशॉपमधून निघाले तेव्हा ऊन उतरलं होतं, टप उघडा ठेवला. दापोडीपर्यंत आले आणि आभाळ असं काळं झालं की बोलायची सोय नाही. वळीव. हॅरिस ब्रिजच्या अलीकडे गाडी कडेला घेतली आणि बटण धरलं. काचा उतरल्या, डिकी उघडली, छत बाहेर आलं, वर उचललं गेलं आणि उभं राहिलं. तसंच. डिकीचा जबडा मागे वासलेला, छत आकाशाकडे, आणि मी खाली बटण धरून बसलेली.

त्यातली गोम अशी. इग्निशन बंद केलं तर थोड्या वेळाने पंपातला दाब सुटतो आणि छत आपल्या वजनाने खाली यायला लागतं, वेडंवाकडं. चालू ठेवलं तर बॅटरी उतरते, आणि बॅटरी उतरली की पंप फिरायलाच नकार देतो. मी चालू ठेवलं. पावसाचे टपोरे थेंब सीटच्या लेदरवर पडायला लागले.

आणि पुणेकर जमले. एक आजोबा म्हणाले, "डिकीत काहीतरी अडकलंय." दुचाकीवरचा एक म्हणाला, "मॅडम, बॅटरीची वायर काढून परत लावा." दुसरा म्हणाला, "मिस्टरांना फोन करा ना." तीन-चार पोरं मोबाइल उभा धरून शूटिंग करत होती, त्यातला एक जण कॉमेंट्री करत होता. मी डिकीतलं अस्तर बाजूला केलं. बोटाला तेल लागलं, नको तिथे.

कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन निघालेला एक टेम्पोवाला थांबला. त्याने काही विचारलं नाही. टेम्पोवरची निळी ताडपत्री सोडली आणि दोघा पोरांच्या हातातले मोबाइल खिशात घालायला लावून त्यांना कोपरे धरायला उभं केलं. त्याची कोथिंबीर भिजत होती. तेवढ्यात आमचा फिटर ॲक्टिव्हावरून पोचला. मग मी इग्निशन बंद केलं. छत सुस्तावून खाली यायला लागलं, तसं फिटर आणि टेम्पोवाला, दोघांनी ते दोन्ही बाजूंनी तोलून काचेच्या चौकटीवर टेकवलं. मी डिकीचं झाकण दाबून बसवलं. पुढचं लॉक लागेना, म्हणून टेम्पोवाल्याने आपली दोरी एका खिडकीतून आत, दुसरीतून बाहेर काढून छत बांधून दिलं. सगळं झाल्यावर हात पुसत त्याने पहिल्यांदा विचारलं, "ताई, केवढ्याची आहे?"

मी अर्धी किंमत सांगितली. का, ते मला नीट सांगता येत नाही. पैसे द्यायला गेले तर घेतले नाहीत. "दोरी ठेवा," म्हणाला.

यंत्रापुरतं सांगायचं तर गोष्ट फार मोठी नव्हती. आधीच्या मालकाकडे असताना कुठल्याशा गॅरेजने पंपात भलतंच तेल ओतलं होतं. सिलिंडरमधले सील, म्हणजे तेल अडवणाऱ्या कड्या, त्याने फुगून मऊ पडले होते, काढताना बोटांत भुगा झाले. जिथे जिथे विचारलं तिथे उत्तर एकच: दुरुस्ती होत नाही, अख्खा सिलिंडर बदला. आकडा ऐकून फोन ठेवला. आमच्या गल्लीच्या टोकाला सील बनवणारा माणूस आहे, प्रेसच्या मशिनांचे करतो. एवढा लहान सिलिंडर बघून तो आधी हसला. मग रॉड उजेडात धरून फिरवला, ओरखडा नाही याची खात्री केली, खाचेचं माप व्हर्नियरने दोनदा घेतलं आणि म्हणाला, "उद्या या." सील नवे, तेल नेमून दिलेलंच, पाइपातली हवा काढली. छत पुन्हा २२ सेकंदांत. हे सांगताना माझी मान ताठ होते, ते तुम्हाला दिसत असेलच.

पण तो व्हिडिओ फिरला. "मर्सिडीजवाल्या काकू" म्हणून. महिनाभराने एका जुन्या ग्राहकाकडे रेट ठरवायला गेले. स्टीलचा भाव वाढला होता, पीसमागे रुपया वाढवून हवा होता. खरेदीवाले साहेब फाइल न उघडताच हसले. "मॅडम, बघितला तुमचा व्हिडिओ. आता तुम्हीच दोन रुपये कमी करा." मी म्हटलं, ती गाडी जुनी आहे, क्रेटाच्या किमतीची आहे. माझ्याच आवाजाचा मला राग आला. रुपया वाढला नाही. उलट एक कमी करून आले.

आणि त्याच आठवड्यात आमचा सगळ्यात जुना ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, गाडी इथे दारात नका उभी करू. ग्राइंडिंगची धूळ उडते, पेंट जाईल." दिवाळी जवळ नव्हती, पगारवाढीचं बोलणं मात्र चालू होतं. त्याला धुळीबद्दलच बोलायचं होतं का, हे मी त्याला विचारलं नाही. गाडी मात्र तेव्हापासून भोसरीला नेत नाही. नेते ती दुसरी, पांढरी, सगळ्यांकडे असते तशी.

शेजारच्या शेडच्या मालकाकडे फॉर्च्युनर आहे. माझ्या गाडीच्या दुपटीहून जास्त किंमत, वर कर्ज. त्याला कुणी "परवडते का?" म्हणून विचारत नाही, त्याचा तो रुबाब असतो. हे मी घरी बरेचदा तावातावाने मांडते. मग माझं मलाच उत्तर सुचतं: तो तीत माणसं नेतो, कधी जॉबचे क्रेट टाकतो, पंढरपूरला आईवडिलांना घेऊन जातो. माझ्या गाडीत मी, पर्स आणि डबा. तरीही मुद्दा उरतो. आणि तरीही, भांडायला बसले तर मीच हरते.

गाडी घेतली तेव्हा मी एक वाक्य तयार ठेवलं होतं. आयुष्यात हे एकच मशीन असं की ज्याने कमावून दाखवायचं नाही. मैत्रिणींना फार आवडलं होतं. आता वाटतं, वाक्य सुरेख होतं पण मी तशी नाही. मी या गाडीचा प्रत्येक रुपया वहीत लिहिते, डिझेल जनरेटरचा लिहिते त्याच वहीत. शिवाय, खरं सांगायचं तर, सिग्नलला लोक वळून बघतात ते मला आवडतं. दापोडीला बघत होते ते आवडलं नाही. दोन्हीकडचे डोळे तेच.

वर्षातले बहुतेक महिने टप बंदच असतो, हेही कबूल. एप्रिलच्या उन्हात टप उघडून फिरतं ते फक्त जाहिरातीतलं जोडपं. जून ते सप्टेंबर पाऊस, आणि पावसाळ्याआधी छताच्या कडेच्या पाणी जाण्याच्या नळ्या तारेने साफ करायच्या, कारण गुलमोहराची बारीक पानं तिथेच जाऊन बसतात आणि मग पाणी डिकीत. उरतात त्या नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी. पौडच्या रस्त्याला, काचा वर, हीटर पायांवर, मानेशी सीटमधून येणारी गरम हवा आणि कपाळ गार. ते किती वेळा होतं, याचा हिशेब वहीत नाही. तो मांडला तर एका सकाळीचा खर्च निघेल, आणि तो मला बघायचा नाही.

२०२४ला गाडीला पंधरा वर्षं झाली. तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता सुटली. मी आरटीओत फिटनेस करून घेतला, ग्रीन टॅक्स भरला, पाच वर्षांची फेरनोंदणी केली. मग नव्या नंबरप्लेटचं शुक्लकाष्ठ, तेही झालं. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं आहे, तर रबराचे पाइप किती दिवस टिकतील यावर आमचे मेस्त्री आणि मी रोज नवं भाकीत करतो.

कोल्हापूरचा एक मुलगा गेले काही दिवस फोन करतोय. गाडी हवी आहे, पैसे तयार आहेत, आकडाही बरा सांगतो. त्याला सिलिंडरचं सांगितलं, चेनचं सांगितलं, पार्टचं सांगितलं. तो म्हणतो, "मॅडम, ते सगळं माहितीये, छत चालतं ना?" रविवारी बघायला येतोय. येऊ दे. चक्कर मारायची तर मारू, पण चालवणार मीच.