शून्य नंबरच्या ब्लॉकवर १८५६

ठाण्याच्या नौपाड्यात राम मारुती रोडच्या आतल्या गल्लीत आमचं दुकान आहे, मी तिथे डेटा रिकव्हरीचं काम बघते. डिसेंबरातली गोष्ट, म्हणजे ऐन लग्नसराई. दुपारी तीनच्या सुमाराला कळव्याचा एक मुलगा आला, लग्नाचं शूटिंग करणारा, असेल पंचवीस-सव्वीसचा. खिशातून एक एक्सटर्नल एसएसडी, म्हणजे बाहेरून लावायचा स्टोरेज ड्राइव्ह, काढली आणि काउंटरवर ठेवली. "ताई, काल रात्रीपर्यंत सगळं दिसत होतं हो, आज सकाळी लावली तर फोल्डर उघडतच नाहीयेत."

हळद आणि लग्न मिळून जवळजवळ ४०० जीबी शूटिंग होतं. कॅमेऱ्याची कार्डं फॉरमॅट करून लगेच पुढच्या ऑर्डरला वापरली होती, त्यामुळे तिकडून काही मिळायची आशा नव्हती. २ टीबीची एसएसडी ऑनलाइन १,९०० रुपयांना मिळाली म्हणून त्याने एकदम दोन घेतल्या होत्या, दुसरी अजून खोक्यातच होती आणि तीही त्याने सोबत आणलेली. हे फार बरं झालं, कारण ज्यात डेटा अडकलाय त्या ड्राइव्हवर मी एक बाइटसुद्धा लिहीत नाही. तो बाजूला ठेवला आणि कोरा होता तो माझ्या लिनक्सच्या मशीनला लावला.

मशीन म्हणालं १.८ टी. ते बरोबरच आहे, कंपन्या १००० च्या हिशोबाने मोजतात आणि मशीन १०२४ च्या, त्यामुळे २ टीबीचे तेवढेच दिसतात. मग मी नेहमीची चाचणी केली. रँडम डेटाचा १ एमबीचा एक ब्लॉक, म्हणजे तुकडा, बनवला, लिनक्सच्या डीडी या कॉपी करायच्या कमांडने थेट ड्राइव्हवर अगदी सुरुवातीला लिहिला, दुसरा तसाच ब्लॉक सीक देऊन, म्हणजे मधली जागा सोडून, १००० जीबीच्या खुणेवर लिहिला. वाचताना मशीनच्या रॅममधून वाचून फसायला नको म्हणून दोन्हीकडे डायरेक्टचा फ्लॅग दिला, परत वाचून मूळ फाइलशी ताडून बघितलं. दोन्ही तंतोतंत जुळले.

आणि मी त्याला म्हणाले, "ड्राइव्ह चांगला वाटतोय, नुसती फाइल सिस्टीम, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे त्याची यादी, उडाली असेल, मिळेल बहुतेक." त्याचा चेहरा एकदम खुलला, चहा घेऊन येतो म्हणून बाहेर गेला. हे वाक्य मी तेव्हा बोलायला नको होतं, अजून ते मनातून जात नाही.

तो गेल्यावर मला चैन पडेना. एक तर ती किंमत, त्या पैशात २ टीबीची एसएसडी येत नाही. आणि दुसरं म्हणजे यूएसबीची यादी काढून बघितली तर स्पीडसमोर ४८०, म्हणजे खोक्यावर यूएसबी ३.२ छापलेलं आणि आत जुनी, हळू २.० ची जोडणी. मग ठरवलं की प्रत्येक जागेवर तिचा स्वतःचा नंबर लिहायचा.

म्हणजे असं, ० पासून दर १ जीबीला १ एमबीचा ब्लॉक, आणि त्या ब्लॉकमध्ये दुसरं काही नाही, त्या जागेचाच नंबर ओळीने हजारो वेळा. ७ जीबीवर सगळे ७, ९०० जीबीवर सगळे ९००, असं शेवटच्या १८६२ पर्यंत. बरेच जण शून्यं लिहून चाचणी करतात, पण सगळी शून्यं सारखीच, हा ब्लॉक नेमका कुणाचा हे त्यातून कळणार कसं? चार ओळींची स्क्रिप्ट, दोन-तीन मिनिटांत लिहून झालं, एकही एरर नाही. सगळं लिहून संपल्यावर ड्राइव्ह काढला, परत लावला, आणि पहिल्यापासून वाचायला घेतलं.

० नंबरच्या ब्लॉकवर आलं १८५६.

मला वाटलं स्क्रिप्ट चुकली. ती परत तपासली, मग हातानेच एक-एक ब्लॉक वाचला. १ वर १८५७. २ वर १८५८. ६ वर १८६२, आणि ७ वर एकदम १७९९. १८५६ म्हणजे २९ गुणिले ६४, आणि १७९९ म्हणजे २८ गुणिले ६४ अधिक ७. दर ६४ जीबीला हा ड्राइव्ह गोल फिरून परत पहिल्या जागेवर येत होता आणि आधीचं पुसून त्यावर नवीन लिहीत होता. ५९ ते ६३ वर तर काहीच सापडलं नाही, तेवढी जागा खऱ्या चिपमध्येच नव्हती, ६४ जीबीची चिप १०२४ च्या हिशोबाने ५९ च्या आसपासच भरते. एफथ्री नावाच्या प्रोग्रामचं प्रोब टूल असे खोट्या साइजचे ड्राइव्ह पकडायलाच बनवलेलं आहे, खात्रीला ते पण चालवलं, उत्तर तेच.

माझी पहिली चाचणी का पास झाली ते पण तेव्हा लक्षात आलं. १००० ला ६४ ने भागलं की बाकी ४० उरते, माझा ब्लॉक ४० च्या जागेवर जाऊन बसला आणि मी परत मागितल्यावर तिथूनच काढून दिला. एकेक ब्लॉक विचारलात तर हा ड्राइव्ह बहुतेक वेळा खरंच बोलणार, सगळे लिहून झाल्यावर सगळे परत मागितले तरच त्याचं खोटं उघडं पडतं. ड्राइव्ह चालवणाऱ्या कंट्रोलरच्या आतल्या प्रोग्राममध्ये (फर्मवेअरमध्ये) खोटी साइज भरून ठेवलेली असते आणि ऑपरेटिंग सिस्टीमला तो सांगेल त्यावर विश्वास ठेवण्याशिवाय इलाज नसतो, म्हणून कॉपी पूर्ण झाली म्हणून मेसेजही येतो. हे बनवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण यात नेमका तोच माणूस बुडतो ज्याला खरी घ्यायला परवडत नाही.

तो चहा घेऊन आला, दोन कप, एक माझ्यासाठी. मी त्याला स्क्रीनसमोर बसवलं आणि ते आकडे दाखवले. नवा ड्राइव्ह त्याच्यासमोर उघडला, आत एवढासा बोर्ड, त्यावर गोंदाने चिकटवलेलं मायक्रोएसडी कार्ड. तो बराच वेळ ते कार्ड बघत राहिला, मग म्हणाला, "म्हणजे ताई, हळदीच्या वर लग्न लिहिलं गेलं?"

"हो. आणि लग्नावर परत लग्न. शेवटचं जे कॉपी केलंस तेवढंच आत असेल."

"शेवटचं कार्ड पाठवणीचं होतं."

डेटावाल्या ड्राइव्हच्या फक्त पहिल्या ६४ जीबीची डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढली, अर्धा-पाऊण तास लागला. फाइल सिस्टीमच्या डोक्यावरच व्हिडिओ लिहिला गेला होता, त्यामुळे नावं, फोल्डर काही उरलं नव्हतं, इमेजवर फोटोरेक चालवलं, ते नावांशिवायही फाइल ओळखून काढतं. रात्री नऊपर्यंत ४१ क्लिप मिळाल्या, त्यातल्या सहा अर्धवट. मंगलाष्टकांची एकही नाही, हळदीची तर नाहीच.

एक क्लिप चालते का बघायला लावली. गाडीचं दार उघडं आहे आणि नवरी आजीचा हात सोडत नाहीये, आजी तिच्या पदराचं टोक नीट करतेय, परत परत तेच टोक. तो उभ्यानेच बघत होता. मी आवाज बंद केला.

क्लिप आमच्या दुकानातल्या तपासलेल्या ड्राइव्हवर टाकल्या, वाचून ताडून बघितल्या आणि मग त्याच्या हातात दिल्या. त्या कॉपीसाठी पैसे देत होता, मी घेतले नाहीत. तो शटरपाशी जाऊन थांबला, फोन लावला आणि नवरीच्या वडिलांना म्हणाला, "काका, जागे आहात ना? नाही, फोनवर नको, मी घरीच येतो."