नथीचं काय ते सांगा

इंदूरला एका प्लास्टिक सर्जनकडे ऑपरेशन थिएटरची सिस्टर आहे, पेशंटचे फोटोही मीच काढते. लोक सेल्फी पुढे करतात, "बघा केवढं नाक", अहो 12 इंचावरून काढलात तर 5 फुटांवरच्यापेक्षा जवळजवळ 30 टक्के रुंद दिसणारच! म्हणून फरशीवर पट्टी चिकटवलीय, तिथेच उभं राहायचं, समोरून, बाजूंनी, तिरके, खालून.

दसऱ्याच्या सुमारास एक मुलगी आली, राजवाड्याजवळची, आपल्यातलीच. नाकाच्या दांड्यावर उंचवटा. सरांनी नीट सांगितलं, सूज पूर्ण उतरायला वर्ष जातं, शेंड्याची सगळ्यात शेवटी. लग्न कधी? "अजून ठरलं नाही." आणि बाहेर तिची आई मला म्हणते, सिस्टर, सराफ्यात नथ करायला टाकलीय, मार्गशीर्षात लग्न, घालता येईल ना? म्हटलं सरांना विचारा. त्यांनी विचारलं नाही, मीही सरांना सांगितलं नाही.

ऑपरेशन मात्र झकास झालं. उंचवटा काढला की दांडा वरून चपटा, उघडा राहतो, तो मिटवायला दोन्ही बाजूंची हाडं तोडून आत घ्यावी लागतात. सर छिन्नी धरतात, दुसऱ्या हाताचं बोट कातडीवरून तिच्या टोकावर, हातोडी मी मारते. टक-टक, थांब. टक-टक, थांब. वर कपाळाच्या जाड हाडापाशी आवाज भरीव होतो, तिथे हात आवरायचा. नव्या पोरींना हे ऐकूच येत नाही, लक्ष मोबाईलमध्ये.

आठव्या दिवशी नाकाला आधार देणारा स्प्लिंट काढला. डोळ्यांखाली पिवळं, शेंडा सुजून वर गेलेला, पोरगी आरसा धरून गप्प. आई म्हणाली, "आता नथीचं काय ते सांगा."

सर म्हणाले, "कसली नथ?"

"अहो, मी सिस्टरना सांगितलं होतं की."

पेशंटसमोर सर काहीच बोलले नाहीत. चापाचीच घाला, मंगलाष्टकांपुरती, लगेच काढा, एवढंच सांगितलं. नंतर फाइलवर सही करता करता, "तुम्हाला माहीत होतं?" हो म्हटलं. उरलेली ओपीडी आम्ही दोघांनी गप्प काढली.

सांगितलं असतं तर केस पुढे ढकलली असती आणि ती दुसरीकडे गेली असती, जिथे लग्नाचं कोणी विचारतसुद्धा नाही. हे मी स्वतःला रोज सांगते, पण त्या दिवशी बाहेर उभी असताना हे काही डोक्यात नव्हतं, खरं तर कंटाळा केला.

तिसऱ्या महिन्याच्या फोटोला ती आली. पट्टीवर उभी केली. चापाचा वळ चार दिवस होता म्हणे.

"मंगलाष्टकांपुरतीच घातली होतीस ना?"

"रात्री अकरापर्यंत. फोटोग्राफर काढू देईना."