धोट्याची मूठ

सोलापूरच्या आसपास जंगल असं नाहीच. नान्नजला माळढोकांसाठी राखलेला माळ आहे, हिप्परग्याचा तलाव आहे, बाकी बाभळी आणि ऊन. तरीही संक्रांतीला, गावात गड्ड्याची यात्रा ऐन भरात असताना, मी जंगलात वापरायचा चाकू मागवला. न मिटणारा, चार इंची पात्याचा, हाय कार्बन पोलादाचा आणि ‘फुल टँग’, म्हणजे पात्याचीच पट्टी थेट मुठीच्या टोकापर्यंत गेलेली. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं असलं तर १९५९ च्या शस्त्र कायद्याची नजर त्यावर पडू शकते, एवढं आधी वाचून ठेवलं होतं. आपला चाकू त्याच्या जवळपासही जात नाही हे कळल्यावर सुटलो म्हणायचं, तर उलट जरा हिरमुसलोच.

आईने तो हातात घेतला, अंगठा आडवा फिरवून धार चाचपली आणि परत दिला. “एवढ्यात दोन विळ्या आल्या असत्या. शिवाय त्यांना पाट असतो.”

पहिली परीक्षा मंगळवेढ्याकडे, मित्राच्या रानात, हुरड्याच्या वेळी. आगटी मीच पेटवणार असं जाहीर करून मी चकमक काढली. हल्लीची चकमक म्हणजे गारगोटी नव्हे, लोखंड आणि सिरियम वगैरे धातूंच्या मिश्रणाची काळी कांडी. पात्याच्या पाठीने खरवडली की पांढऱ्या ठिणग्या उडतात. पण पाठीची कड काटकोनात, कोरीव हवी. माझ्या चाकूची पाठ कारखान्यातूनच गोलसर होऊन आलेली. मी गुडघ्यावर बसून खरवडतोय, खरवडतोय.

“काय करूलालास बे?” मित्राने विचारलं आणि काडेपेटीची एक काडी ओढून गोवऱ्या पेटवल्या.

मग सरपण फोडायला घेतलं. पातं लाकडाच्या डोक्यावर टेकवायचं आणि पाठीवर दुसऱ्या दांडक्याने ठोकत जायचं. सरळ रेषेच्या लाकडात ही युक्ती फार छान चालते. इथे होती बाभूळ, आणि बरोबर मधोमध गाठ. औताला, गाडीच्या चाकाला पिढ्यान्‌पिढ्या बाभूळच का घेतली, हे मला त्या दिवशी मनगटात कळलं. धार एका जागी दुमडली आणि प्लॅस्टिकच्या मुठीवरची सगळी नक्षी तळव्यावर उठली. गूळभेंडी ज्वारीची कणसं निखाऱ्यातून निघाली तेव्हा ती चोळायला माझा हात चालेना. लोकांनी चोळून दिलेला हुरडा मी शेंगाचटणीबरोबर खाल्ला. पाहुण्यासारखा.

खरी चूक पुढे केली. दुमडलेली धार काढायला चाकू फिरत्या चाकावर धार लावून देणाऱ्याकडे नेला. ठिणग्यांचा फवारा पाहून मी खूश, आणि घरी येऊन बघतो तर टोक निळं. लोहार तापलेलं पोलाद विझवतो त्याला आपण ‘पाणी पाजणं’ म्हणतो. नुसतं विझवलेलं पोलाद काचेसारखं ठिसूळ होतं, म्हणून ते पुन्हा बेताबेताने तापवून जरासं नरम करायचं. हा बेत ज्याला साधला त्याच्या कोयत्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. कोरड्या चाकावर मात्र पातळ टोक बघता बघता तापतं, तीनशे अंशांच्या आसपास निळं पडतं आणि तिथलं पाणी उतरतं. माणसाचं पाणी जोखायची भाषा आपण लोहाराच्या भात्यापाशीच शिकलो असणार. त्यानंतरचे चार रविवार मी ओल्या दगडावर ते निळं टोक घासून काढण्यात घालवले. चाकू दोनेक मिलिमीटर आखूड झाला. हाताशी कानस होतीच, म्हणून पाठीचा पुढचा अर्धा भाग चकमकीसाठी काटकोनात केला आणि मागचा, जिथे अंगठा टेकतो तो, गोलच ठेवला.

राहिली मूठ. शेजारचे मामा उभं आयुष्य सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, चादरीच्या मागावर होते. धोटा म्हणजे मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारी लाकडी नाव. बिनधोट्याचे रॅपियर माग आले तशी जुन्या मागांची भंगारात रवानगी झाली, पण मामांनी काही धोटे घरी आणून माळ्यावर ठेवले होते. त्यांनी दोन काढून दिले. लाकूड जड, टोकांना लोखंडी टोप्या, पोटात सुताची कांडी बसायची खाच. मिनिटाला शंभरावर फेऱ्या मारून मारून अंग इतकं गुळगुळीत झालेलं, की करवत लावायला जीव होईना. एका धोट्याच्या धडक्या भिंतीतून मुठीची एकच बाजू निघाली, म्हणून दुसराही कापावा लागला. एक तांबूस, दुसरा मधाच्या रंगाचा. जुळत नाहीत, आणि मला तेच आवडलं. आकारासाठी आईच्या परातीतला कणकेचा गोळा मुठीत दाबून बघितला (त्याची नंतर पोळी झाली). पितळी सळईच्या खुंट्या, दोन ट्यूब मिसळून लावायचा गोंद, मग पॉलिशपेपर ऐंशी नंबरपासून चारशेपर्यंत. शेवटी घरात होतं म्हणून शेंगदाण्याचं तेल चोळलं. ते कधी वाळतच नाही, आठवडाभर मूठ चिकट. सगळं पुसून जवसाचं लावलं तेव्हा कुठे अंगात मुरलं.

चैत्रात एका दुपारी चाकू जागेवर नव्हता. आईने त्याने कैऱ्या कापल्या होत्या आणि चकचकीत पात्यावर काळे-करडे ढग उमटले होते. मी ओरडलो.

“विळीचं पातं कधी पांढरं बघितलंस?” ती म्हणाली. “लगेच पुसायचं आणि तेलाचं बोट फिरवायचं.”

व्हिनेगर लावून पोलादावर मुद्दाम अशी काळी साय आणतात, ती गंजाला आवरते, हे मी तीन रात्री जागून वाचलं होतं. आमच्या विळीवर ती मला आठवतं तेव्हापासून आहे.

कातड्याचं म्यान अजून व्हायचंय. कातडं ओल धरतं, त्यात चाकू कायमचा ठेवू नये म्हणतात, त्यामुळे मीही घाई केलेली नाही. तोवर तो स्वयंपाकघरात विळीच्या वरच्या खिळ्याला असतो.

परवा मामा आले. त्यांनी मूठ उलटसुलट करून पाहिली, खुंटीवर नख मारलं, आणि हात नकळत एकदा डावीकडून उजवीकडे नेला.

“काय कापतोस याने?”

“सध्या कलिंगड.”

“मग बघतोस काय,” ते पाटावर बसत म्हणाले, “काप की. फोडी जाड कर.”