भूत, डिटेक्टिव्ह आणि माझं डिझर्टेशन

इंग्लंडमध्ये एमए करताना डिझर्टेशनसाठी, म्हणजे पदवीच्या प्रबंधासाठी, मी विषय घेतला तो समकालीन ब्रिटिश कादंबरीतल्या साहित्यप्रकारांच्या सरमिसळीचा. पहिल्या प्रस्तावात सहा कादंबऱ्या कोंबल्या होत्या. सुपरवायझर बाईंनी तो वाचला आणि शांतपणे विचारलं, "यातल्या तीन तू काढतेस की मी काढू?" पंधरा हजार शब्दांत सहा बसत नाहीत, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. शेवटी डेव्हिड मिचेलची 'क्लाउड अ‍ॅटलस' (२००४), आणि चायना मिएव्हिलची 'द सिटी अँड द सिटी' व सारा वॉटर्सची 'द लिटल स्ट्रेंजर' (दोन्ही २००९) एवढ्याच राहिल्या. कादंबरीकार काझुओ इशिगुरोंची रवानगी प्रस्तावनेत झाली.

तिथे ते शोभलेही. त्यांची 'द बरीड जायंट' २०१५ साली आली तेव्हा, वाचक याला फँटसी म्हणतील का, अशी शंका त्यांनी एका मुलाखतीत बोलून दाखवली. त्यावर अमेरिकेतल्या फँटसी-लेखिका अर्सुला ले ग्विन भडकल्या: राक्षस आणि ड्रॅगन पुस्तकात घ्यायचे, आणि वर फँटसी म्हणवून घ्यायला लाजायचं? इशिगुरोंनी आपण ड्रॅगनांच्याच बाजूचे आहोत असा खुलासा केला, मग ले ग्विन यांनीही शब्द मागे घेतले. मला या भांडणात फार मजा आली, कारण ते ओळखीचं होतं. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकर आणि नारायण धारप घराघरांत वाचले गेले, पण 'साहित्या'च्या गप्पांत त्यांचं नाव निघालं की मंडळी जरा हसूनच बोलायची. इंग्लंडमधल्या पुस्तकांच्या दुकानातही तीच तऱ्हा. इशिगुरो 'फिक्शन'च्या फळीवर, मिएव्हिल मागच्या 'सायन्स फिक्शन'च्या कोपऱ्यात.

थिअरीचा डोंगर सगळ्यांसारखा मीही चढले. फ्रेंच तत्त्वज्ञ देरिदांच्या १९८० सालच्या 'द लॉ ऑफ जॉनर' (जॉनर म्हणजे साहित्यप्रकार) या निबंधातून एकच गोष्ट कामी आली: प्रत्येक संहिता कुठल्या ना कुठल्या प्रकारात सहभागी असते, पण म्हणून ती त्या प्रकाराच्या मालकीची होत नाही. हे वाक्य आमच्या वर्गातल्या निम्म्या निबंधांत असतं, माझ्याही होतं. पण त्याच्या जोरावर प्रकरण लिहून होत नाही. 'यात थोडी भयकथा आहे, थोडी ऐतिहासिक कादंबरी आहे' अशी यादी केली की पुढे म्हणायला काही उरतच नाही.

काम सरकलं ते बाईंनी सांगितलेल्या एका साध्या सवयीमुळे. वाचताना दर थोड्या पानांनी समासात लिहायचं, पुढे काय होईल असं वाटतंय आणि ते कशावरून. मिएव्हिलच्या पहिल्या प्रकरणाच्या समासात मी बिनधास्त लिहीत गेले: 'पोलीस तपास. खुनी सापडेल.' मोकळ्या जागेत एका तरुणीचं प्रेत, थकलेला इन्स्पेक्टर बोर्लू, साक्षीदार मुलं, सगळं नेहमीचं. मग प्रकरण संपता संपता बोर्लूला रस्त्यावर एक म्हातारी चालताना दिसते. तिच्या चालण्यात काहीतरी वेगळं असतं. दोघांची नजरानजर होते, आणि त्याच्या लक्षात येतं की ती त्याच्या रस्त्यावर नाहीच, आपण तिला पाहायलाच नको होतं. बस्स, एवढंच. ना जादू, ना यंत्र. दोन शहरं एकाच जागेवर वसलेली आहेत आणि इथल्यांनी तिथल्यांना न पाहायला शिकलेलं असतं, हे पुढे हळूहळू कळतं. पण पायाखालची जमीन सरकते ती या एका नजरेत. माझ्या समासात तिथे नुसतं प्रश्नचिन्ह आहे. ते प्रश्नचिन्ह म्हणजेच माझं प्रकरण होतं. तपासकथा कुठेच थांबत नाही, बोर्लू पुरावे गोळा करतच राहतो, फक्त त्याचं 'पाहणं' हाच आता गुन्हा ठरू शकतो. पुस्तकाला पोलीसकथा म्हणा की फँटसी, या वादापेक्षा मला हे कितीतरी मोलाचं वाटलं.

'क्लाउड अ‍ॅटलस'ने वेगळाच घोळ घातला. त्यातल्या सोनमी या पात्राच्या मुलाखतीतलं एक वाक्य मी ई-बुकमधून घेतलं होतं, आणि बाईंच्या छापील प्रतीत ते त्या शब्दांत सापडेचना. आधी वाटलं, पान चुकलं असेल. मग अभ्यासक मार्टिन ईव्ह यांचा या कादंबरीच्या आवृत्त्यांवरचा २०१६चा लेख हाती लागला. ब्रिटिश आणि अमेरिकन आवृत्त्यांचं संपादन वेगवेगळं झालं, दोन्हीकडचे बदल एकमेकांत उतरले नाहीत, आणि सोनमीच्या भागात तर फरक भरपूर आहेत. माझ्या ई-बुकमध्ये अमेरिकन पाठ होता. सगळी अवतरणं पुन्हा छापील प्रतीवरून तपासण्यात माझी ईस्टरची सुट्टी गेली. हा विषय कुणी घेणार असेल तर आवृत्ती आधी ठरवा, बाकीचं नंतर.

पण त्या तपासणीतच प्रकरणाचा धागा मिळाला. या कादंबरीत सहा गोष्टी आहेत आणि प्रत्येक गोष्ट पुढच्या गोष्टीतलं पात्र वाचतं किंवा बघतं. एका गोष्टीतल्या पत्रकार ल्युइसा रेची धावपळ आपण श्वास रोखून वाचतो. पुढच्याच भागात कॅव्हेंडिश नावाचा म्हातारा प्रकाशक तेच हस्तलिखित चाळत बसलेला असतो आणि त्यात काय छाटायचं याचा विचार करत असतो. क्षणापूर्वी जे घडत होतं, ते आता छापण्यासाठी आलेलं थ्रिलरचं बाड झालं. म्हणजे गोष्ट कुठल्या प्रकारची, हे तिला वाचणारा ठरवतो आणि तो वाचणारा मिचेलने पुस्तकातच बसवला आहे.

'द लिटल स्ट्रेंजर'ने सर्वांत जास्त छळलं. युद्धानंतरचं वॉरिकशर, मजूर पक्षाचं सरकार, मोडकळीस आलेलं हंड्रेड्स हॉल, आणि तिथे ये-जा करणारा डॉक्टर फॅरेडे. त्याची आई त्याच घरात कामाला होती. घरात घडणाऱ्या प्रत्येक विचित्र गोष्टीला त्याच्याकडे वैद्यकीय उत्तर तयार असतं. मसुदा वाचून बाई म्हणाल्या, भूत आहे की नाही, एकदा ठरव. मी म्हटलं, ठरवलं की पुस्तक अर्धं होतं. घरात भूत आहे की फॅरेडेला ते घर हवं आहे, हे दोन्ही संशय एकाच वाक्यावर उभे आहेत. तासभर वाद झाला. शेवटी त्यांनी एवढंच सांगितलं की मग प्रत्येक प्रसंगाला दोन्ही बाजूंनी पुरावा दे. ते प्रकरण ठरल्यापेक्षा बरंच लांबलं, त्यापायी मिचेलची पानं कापावी लागली, आणि डिझर्टेशन शेवटच्या दिवशी दुपारी अपलोड झालं.