कुशीचा जांभळा

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानातला सातारा कॅम्प. हो, नाव तेच. दुपारच्या जेवणात एकाने पोळीचा तुकडा टाकला (पक्ष्यांना खायला घालायला तिथे बंदी आहे, सकाळीच बजावलं होतं, तरी) आणि टेबलाखाली एक चमचमता निळा-हिरवा पक्षी आला. ग्रुपमधल्या एका काकांनी विचारलं, "हा कुठला हो?"

"केप स्टार्लिंग," मी लगेच म्हणालो. पक्षी-सहलीचा लीडर मीच, त्यामुळे ग्रुपच्या बारा वह्यांत नोंद झाली.

रात्री काकांचेच फोटो मोठे करून पाहिले. पक्षी उन्हात आल्यावरच्या एका फोटोत कूस (पंखाखालची बाजू) गडद जांभळट-निळी होती आणि कानावर रुंद काळसर पट्टा. तो ग्रेटर ब्लू-इअर्ड स्टार्लिंग होता.

हे पक्षी आपल्या साळुंकीच्याच कुळातले, पण यांच्या पिसांत निळं रंगद्रव्य नसतंच. मेलॅनिन या काळसर रंगद्रव्याच्या सूक्ष्म कणांचे थर असतात, त्यांवरून प्रकाश परततो तो निळा दिसतो. कोन बदलला की तोच हिरवा, सावलीत सरळ काळा. म्हणून मी एरवी ग्रुपला ऊन पाठीशी घेऊन उभं करतो आणि "किती निळा" हे कुणालाही विचारू देत नाही. आधी डोळा बघायचा. काळाभोर डोळा आणि मोठा देह असेल तर बर्शेल्स स्टार्लिंग. केप आणि ब्लू-इअर्ड, दोघांचेही डोळे नारिंगी-पिवळे, तिथे डोळा उपयोगाचा नाही. मग कान आणि कूस. केपची कूस पोटासारखीच निळी-हिरवी, जांभळ्याचा मागमूस नाही. हे सगळं मला पाठ आहे. टेबलाखालच्या सावलीत कूस मला दिसलीच नव्हती, आणि तरी मी नाव सांगितलं. सहलीच्या जाहिरातीत जातींचा आकडा छापतात, त्याची घाई आम्हा लीडरच्या जिभेवर येते.

सकाळी नाश्त्याला सगळ्यांना चूक सांगितली. काका वही उघडत म्हणाले, "काल तर अगदी ठामपणे सांगितलं होतंत." त्यांनी जुनं नाव खोडून नवं लिहिलं, मग मागची पानं चाळत विचारलं, "आणि परवा स्कुकुझा कॅम्पला तीन केप सांगितलेत, ते?"

तेही झाडाखाली, सावलीतच होते. फोटो कुणाकडेच नाहीत. तीनही नोंदी मी "स्टार्लिंग, जात अनिश्चित" अशा बदलल्या.