‘मध्यम’ म्हणजे नक्की किती?

नाव, पत्ता, शाकाहारी जेवण, डावखुरे आहात का, सगळं भरून झालं होतं. अडलं होतं ते ‘तुमची पातळी’पाशी. समोर तीन गोल: नवशिके, मध्यम, पुढचे. तीन दिवसांचं ब्लूग्रास मेंडोलिनचं वर्कशॉप, फी ४२५ डॉलर. ब्लूग्रास म्हणजे गिटार, बॅन्जो, मेंडोलिन अशा तारवाद्यांवरचं अमेरिकन लोकसंगीत. तो फॉर्म कित्येक आठवडे माझ्या लॅपटॉपवर तसाच उघडा होता.

मी नॉर्थ कॅरोलायनात, रॅलेला राहतो. इथे ब्लूग्रास टाळायचं म्हटलं तरी टळत नाही. तीन बोटांनी बॅन्जो वाजवायची पद्धत ज्याच्या नावाने ओळखतात, तो अर्ल स्क्रग्ज याच राज्यातला. शिवाय २०१३ ते २०२४ ब्लूग्रासवाल्यांचं मोठं वार्षिक संमेलन आमच्याच गावात भरायचं. तिथेच रस्त्याच्या कोपऱ्यावर पाच जणांच्या घोळक्यात मी मेंडोलिन पहिल्यांदा जवळून पाहिलं. तोवर मेंडोलिन म्हणजे हिंदी गाण्यातला तो थरथरता, लाडिक तुकडा एवढीच माझी समजूत. हा माणूस मात्र तारांवर नुसतं चक्, चक् करत होता. ड्रम नव्हताच, ते काम त्याच्याकडे होतं. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, “अरे, लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले लक्ष्मीकांत मेंडोलिनच वाजवायचे की!” खरंय. पण आई, हे वेगळं.

वाद्य घेतलं त्याला तीन वर्षं झाली. पहिली दोन वर्षं कोणत्या तारेवर कितवा पडदा, हे आकडे बघून एकट्याने घरी वाजवलं. चौदा धून पाठ झाल्या आणि मी स्वतःला मध्यम समजू लागलो. त्या भरात गेल्या वर्षी अर्ध्या दिवसाच्या एका वर्कशॉपला ‘मध्यम’वर खूण करून गेलो. शिकवणाऱ्यांनी “बी” एवढंच म्हटलं, म्हणजे आपली पांढरी सात, आणि सगळे सुटले. मी कागद कुठे वाटतायत ते बघत राहिलो. कागद नव्हताच. पुढचे दोन तास मी हात तारांवरून नुसता फिरवत होतो, मंगलाष्टक येत नसताना ओठ हलवावेत तसा. घरी येऊन मेंडोलिन पेटीत घातलं ते महिनाभर काढलं नाही.

नंतर शांतपणे पाहिलं तर भानगड फार मोठी नव्हती. या संगीताचं नावच बिल मन्रो यांच्या ‘ब्लू ग्रास बॉईज’वरून पडलं. मन्रो स्वतः मेंडोलिनवाले, गळा उंच, आणि त्यांची बरीच गाणी बीमध्ये. त्या पट्टीत गिटार आणि बॅन्जोवाले कॅपो, म्हणजे तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा, लावून मोकळे होतात. मेंडोलिनवाला कॅपो लावत नाही, तो हात सरकवतो. जी कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा) चॉप, म्हणजे तेच चक्, जाड तारेकडून सातवा, पाचवा, दुसरा, तिसरा पडदा असा धरतात. करंगळी ताणून ताणून पहिले काही दिवस रडायला येतं. पण एकही तार मोकळी नसल्याने तोच हात चार पडदे पुढे नेला की बी. एवढंच! मी चौदा धून घोकत बसलो आणि हे कधी करूनच पाहिलं नाही.

म्हणून या वेळी पैसे भरण्याआधी स्वतःची परीक्षा घ्यायची ठरवली. फोन रेकॉर्डिंगला लावला, मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) सुरू केला आणि पाच मिनिटं फक्त चॉप. गाण्यात बेस, म्हणजे खर्जाचं वाद्य, पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर, चॉप दुसऱ्या आणि चौथ्या. कागदावर सोपं आहे. मी लहानपणी साताऱ्याकडे गावच्या भजनी मंडळात टाळ वाजवलेला माणूस. माझा हात समेकडे धावतो. रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ ऐकू येत होतं: दोन मिनिटं बरी, मग चॉप हळूच सरकत जाऊन बेसच्या मात्रेवर बसलेला. मग मेट्रोनोमचा ठोका हीच दुसरी आणि चौथी मात्रा असं धरून वाजवायला लागलो. तोंडाने ‘एक’ म्हणायचं, तेव्हा ठोका नाही. पहिल्या आठवड्यात डोकं भणभणायचं. दीड महिन्याने पाच मिनिटं टिकलो.

दुसरी परीक्षा माणसांत. वाद्यांच्या एका दुकानात मंगळवारी संध्याकाळी संथ लयीचा जॅम, म्हणजे सगळ्यांनी मिळून वाजवायची बैठक, असतो. गोल करून बसायचं, मान हलवून सोलो, म्हणजे एकट्याने धून वाजवायची पाळी, पुढच्याला द्यायचा, नको असेल तर नकारार्थी मान हलवायची, कोणाला राग नाही. कॉर्ड कळली नाही तर गिटारवाल्याचा डावा हात बघायचा. आणि ज्याने गाणं सुरू केलं त्याने पाय वर उचलला, की ही शेवटची फेरी. हे मला फार आवडलं. इशाऱ्यावर संपणं आपल्याकडेही आहे, पण पाय नाही हो उचलत कोणी!

तिथे ‘ओल्ड जो क्लार्क’ सुरू झालं. जुनी धून, ए पट्टीत. ऐकता ऐकता कानाला कोमल निषाद लागला. हा तर खमाजचा थाट! आयुष्यात पहिल्यांदा मी या वाद्यावर आकडे न बघता धून उचलली. अर्धी ओळ गाळली, पण मागचा ठेका माझ्यासाठी थांबला नाही आणि मीही थांबलो नाही. शेजारच्या बॅन्जोवाल्या आजी फक्त हसल्या.

तरी मनात धाकधूक होतीच. शेवटी आयोजकांना मेल केली: कागदावरून शिकवता की कानाने? एका गटात किती जण? आणि तुमचं ‘मध्यम’ म्हणजे काय? हे आधी का विचारलं नाही, देव जाणे. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. कानाने, रेकॉर्डिंग करायला हरकत नाही. गटात बारा. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत गट बदलता येतो. आणि मध्यम म्हणजे जी, सी, डी, ए या कॉर्ड धरून मध्यम लयीतलं अख्खं गाणं न थांबता साथ करता आली पाहिजे. सोलो चुकला तरी चालेल. धून किती पाठ, हा प्रश्नच नव्हता. माझ्या चौदा धून तशाच बसल्या.

बायकोला मेल वाचून दाखवली. ती म्हणाली, “मग भर की. नाहीतर तो टॅब तरी बंद कर.” मी ‘मध्यम’वर टिचकी मारली, पैसे भरले आणि ऑफिसात दोन दिवसांची रजा टाकली.

वर्कशॉपला अजून पाच आठवडे आहेत. रोज रात्री बैठकीत चॉप चालू असतो. जॅममधला तो इशारा मी बायकोला उगाच सांगून बसलो. आता पानं वाढून झाली की ती सोफ्यावर येऊन बसते, काही बोलत नाही, फक्त एक पाय वर उचलते.